दोन चटयांची खोली : जपानी चहाविधीची प्रस्तावना

इ. स. १५८२ च्या वसंतात ओदा नोबुनागाने ताकेदा घराण्याचा समूळ निःपात करून मध्य जपानचा डोंगरी मुलूख ताब्यात आणला, तेव्हा त्या मोहिमेत मर्दुमकी गाजवलेल्या ताकिगावा काझुमासु या सरदाराला त्याने कोझुके हा अख्खा प्रांत आणि शेजारच्या शिनानो प्रांतातले दोन परगणे बहाल केले. सात पिढ्यांची ददात मिटावी अशी ही बक्षिशी. परंतु काझुमासुने एका परिचिताला जे पत्र लिहिले त्यात आनंदाचा लवलेश नाही. त्याचा जीव गुंतला होता तो नोबुनागाच्या संग्रहातल्या, मुठीत मावेल एवढ्या, लहानशा वांग्याच्या घाटाच्या एका मातीच्या कुपीत, जिच्यात चहाची पूड ठेवीत असत. बक्षीस म्हणून तीच पदरात पडावी अशी त्याची आस होती. ते राहिले बाजूलाच, आणि आपण मात्र या नरकासारख्या दूरदेशी येऊन पडलो, आपला चहाचा योग आता संपला, असा त्याच्या तक्रारीचा आशय आहे.

हा मनुष्य वेडा नव्हता, विरक्त तर नव्हताच. चहाची नामांकित पात्रे नोबुनागाने कधी रोख मोबदला देऊन तर कधी केवळ दराऱ्याच्या जोरावर आपल्या कोठारात जमा केली होती, आणि कोणत्या सरदाराने चहाची बैठक भरवावी हेही तो स्वतः ठरवीत असे. त्यामुळे जमिनीचा तुटवडा पडू लागलेल्या त्या राज्यात एका कुपीचे मोल परगण्याच्या बरोबरीचे झाले होते. ज्या विधीविषयी आज जगभर साधेपणा, अनासक्ती आणि शांती या तीन शब्दांवाचून बोलले जात नाही, त्याची तारुण्यातली ही कैफियत आहे. ती आरंभीच नमूद करण्याचे कारण असे की, प्रस्तुत ग्रंथ वाचताना वाचकाने एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी अशी माझी इच्छा आहे : चहाविधीतले साधेपण अरण्यात जन्मलेले नाही, ते बाजारपेठेत आणि छावणीत, संपत्तीच्या व सत्तेच्या अगदी मांडीला मांडी लावून जन्मले, आणि त्या दोघींशी त्याचे जे भांडण तेव्हा जुंपले ते अद्याप मिटलेले नाही.

आपल्याकडच्या सुशिक्षित वाचकाला हा विषय ज्ञात असलाच तर तो बहुधा ओकाकुरा काकुझो यांच्या इंग्रजी पुस्तकामुळे. १९०२ साली हिंदुस्थानात राहून गेलेले, विवेकानंदांसमवेत बोधगयेस जाऊन आलेले, कलकत्त्याच्या ठाकूर कुटुंबात वावरलेले हे विद्वान. त्यांचे चहावरचे पुस्तक १९०६ मध्ये न्यूयॉर्कला प्रसिद्ध झाले. पुस्तक सुंदर आहे. पाश्चात्त्यांना पौर्वात्य संस्कृतीची थोरवी पटवून देण्याच्या ईर्ष्येने ते लिहिलेले असल्यामुळे त्याची भाषा वकिलाची आणि कवीची आहे. तीत धुके आहे, चांदणे आहे, ताओमत आणि झेन यांचा सुगंध आहे, परंतु पाणी किती वेळ उकळावे, राख कशी चाळावी, पाच पाहुण्यांत पहिला कोणी बसावे आणि शेवटचा कोणी, यांविषयी त्यात जवळजवळ काही नाही. एवढ्या एका पुस्तकावर विसंबणारा वाचक चहाविधीला तत्त्वज्ञान समजून बसतो. वस्तुतः तो आधी एक कसब आहे, शिकावे लागणारे, गुडघे दुखवणारे, वर्षानुवर्षे घोटावे लागणारे. त्यातून तत्त्वज्ञान निघालेच तर मागाहून.

पूर्वेतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. चीनला जाऊन आलेल्या बौद्ध भिक्षूंनी नवव्या शतकाच्या प्रारंभी चहा जपानात आणला आणि ८१५ साली सागा सम्राटाला एका भिक्षूने तो करून दिल्याची नोंद राजकीय बखरीत आहे. पण ते रोप तेव्हा रुजले नाही. ते रुजले ११९१ मध्ये चीनहून परतलेल्या एइसाई या झेन आचार्यामुळे. त्याने चहाच्या औषधी गुणांवर एक पुस्तिका लिहिली आणि १२१४ साली, मद्याच्या उताराने बेजार झालेल्या शोगुन सानेतोमोला एक पेला चहा व त्यासोबत ती पुस्तिका अशी दोन्ही अर्पण केली. पुढे चौदाव्या शतकात उमरावांनी या औषधाचा जुगार केला : कोणता चहा कोणत्या बागेचा हे चवीवरून ओळखण्याच्या शर्यती लागू लागल्या, मोठमोठे ऐवज पणाला लागू लागले. पंधराव्या शतकात मुराता जुको नावाच्या पुरुषाने, ज्याने झेनचे धडे इक्क्यू या विक्षिप्त संन्याशाजवळ घेतले असे परंपरा सांगते, या सगळ्या झगमगाटाला पाठ दाखवून साडेचार चटयांची लहान खोली पसंत केली आणि चिनी दरबारी भांड्यांच्या शेजारी जपानातली ओबडधोबड मातीची भांडी मांडण्याचे धाडस केले. येथपासून ज्याला जपानी लोक ‘वाबी’ म्हणतात त्या रसिकतेचा उगम धरतात. मूळ अर्थाने दैन्य, एकाकीपण, उणीव. चहाच्या संदर्भात, उणिवेतच तृप्तता शोधणारी दृष्टी.

मात्र ही दृष्टी ज्यांनी वाढवली त्यांना दैन्य ठाऊक नव्हते. ओसाकाजवळचे साकाई बंदर हे त्या काळी खंदकांनी वेढलेले, सावकारांच्या पंचायतीने चालवलेले, सरदारांना कर्जे देणारे आणि बंदुका पुरवणारे शहर होते. जुकोची परंपरा पुढे नेणारा ताकेनो जोओ हा तेथल्या चामड्याच्या व्यापारातल्या तालेवार घराण्यातला; नोबुनागाच्या पदरी चहाचा आचार्य म्हणून तैनात असलेला इमाई सोक्यू हा तर दारूगोळ्याचा व्यापारी; आणि ज्याच्यापाशी ही सारी परंपरा येऊन थांबते आणि ज्याच्यापासून पुन्हा सुरू होते, तो सेन नो रिक्यू, जन्म १५२२, मासळीच्या घाऊक व्यवहारात आणि वखारींच्या भाड्यावर गब्बर झालेल्या घरातला. ज्याच्या घरी काहीच नाही त्याला रिकाम्या खोलीचे अप्रूप कोठून असणार? गवताचे छप्पर, मातीच्या भिंती आणि फुटका बांबू यांत सौंदर्य दिसायला आधी रेशमाचा आणि सोन्याचा वीट यावा लागतो. हे मी उपहासाने म्हणत नाही. विटण्यासाठीही मनाचा एक वकूब लागतो, आणि तो साकाईच्या सर्वच सावकारांना होता असे नाही.

रिक्यूची म्हणून निश्चितपणे मानली जाणारी एकच खोली आज उभी आहे, क्योतोच्या नैर्ऋत्येस यामाझाकी येथे म्योकिआन या देवळात. तिचे नाव ताइआन. बसण्याची जागा अवघी दोन चटयांची, म्हणजे सुमारे सहा फूट लांब आणि तितकीच रुंद. आत शिरायची वाट म्हणजे भिंतीच्या तळाशी असलेली जेमतेम अडीच फुटी चौकोनी खिडकीच. तीतून गुडघ्यांवर आणि मुठींवर सरकत जावे लागते. सामुराई असला तर त्याने तलवार बाहेरच्या घडवंचीवर ठेवावी, कारण कमरेला ती असताना या भोकातून शरीर जातच नाही. समतेवर प्रवचन न देता सुताराकडून ती अमलात आणण्याची ही तजवीज मला मोठी मार्मिक वाटते.

आता प्रत्यक्ष आचाराकडे वळू. संपूर्ण बैठक सुमारे चार तासांची असते आणि तिला पाहुणे तीन ते पाच. फाटकातून आत आल्यावर ‘रोजी’ म्हणजे दहिवराची वाट लागते : पाणी शिंपडलेले दगड, शेवाळ, एक बुटकी कुंडी, जिच्यापाशी वाकून हात आणि तोंड धुवायचे. खोलीत शिरलेला पाहुणा प्रथम तोकोनोमा या कोनाड्यासमोर बसून तेथे टांगलेल्या लेखपटाला, बहुधा एखाद्या झेन साधूच्या हस्ताक्षराला, नमस्कार करतो. मग पाणी उकळण्याच्या लोखंडी किटलीकडे आणि निखाऱ्यांकडे निरखून पाहतो. मगच आपल्या जागी बसतो. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत विस्तव जमिनीत कोरलेल्या चौकोनी चुलीत असतो, मेपासून ऑक्टोबरपर्यंत तो पाहुण्यांपासून दूर, सुट्या शेगडीत; कारण हिवाळ्यात ऊब जवळ यावी आणि उन्हाळ्यात ती लांब राहावी. यानंतर यजमान स्वतः वाढून जेवण देतो, मोजके, ऋतूला धरून. मग गोड पदार्थ. मग पाहुणे पाय मोकळे करण्यासाठी बागेत जातात आणि त्या अवधीत यजमान लेखपट उतरवून त्या जागी एखादे फूल ठेवतो. पुन्हा बोलावणे येते ते शब्दांनी नव्हे, घंटेच्या टोल्यांनी.

आणि मग ज्याच्यासाठी हा सगळा सरंजाम, तो ‘कोइचा’, दाट चहा. आपल्याकडे पाणी, दूध, साखर आणि पत्ती एकत्र खदखदवून जे पेय होते त्याच्याशी याचा काही संबंध नाही. तोडणीपूर्वीचे काही आठवडे ज्या झुडपांवर सावली धरलेली असते त्यांची कोवळी पाने वाफवून, सुकवून, शिरा-देठ काढून दगडी जात्यावर दळतात. हे जाते इतके सावकाश फिरवावे लागते की तासाभरात चाळीस ग्रॅमच्या आसपास पूड पडते. यजमान कंबरेचे रेशमी वस्त्र सोडून त्याची घडी घालतो आणि चहाची कुपी व बांबूची बारीक पळी त्याने पुसतो. दोन्ही आधीच स्वच्छ असतात. तरीही ती पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा पुसली जातात, आणि हे पुसणे इतके सावकाश, इतके एकाग्र असते की पाहणाऱ्याचा श्वासही त्याच लयीत पडू लागतो. वाडग्यात कढत पाणी घेऊन चासेन नावाची रवी, जी बांबूच्या एकाच पेराला चिरून ऐंशी-शंभर काड्यांची केलेली असते, ती भिजवतो, ते पाणी टाकतो, वाडगा पुसतो, दर पाहुण्यामागे ठरल्या मापाची हिरवी पूड घालतो, थोडे पाणी ओततो, आणि घुसळत नाही, तर मळतो. पातळ मधासारखे, गर्द हिरवे, कडसर असे काही तयार होते. वाडगा एकच. पहिला पाहुणा शेजाऱ्याची क्षमा मागून तो उचलतो, वाडग्याची दर्शनी बाजू आपल्या ओठांना लागू नये म्हणून तो तळहातावर किंचित फिरवतो, एक घोट घेतो. यजमान चहा कसा जमला ते विचारतो, पाहुणा उत्तम म्हणतो. आणखी दोन-अडीच घोट, मग कडा पुसून वाडगा पुढच्याच्या हाती. शेवटी पातळ चहा होतो, प्रत्येकाला वेगळा, थोड्या सैल गप्पांसह.

आपल्या वाचकाला हे वर्णन वाचून षोडशोपचार पूजेची आठवण होईल, आणि ती अगदीच अस्थानी नाही : पाद्य, अर्घ्य, नैवेद्य, फूल, दीप, प्रत्येक उपचाराला क्रम आणि प्रत्येक उपकरणाला जागा. फरक असा की येथे मूर्ती नाही. कोनाड्यातल्या अक्षरांना नमस्कार होतो पण पूजा त्यांची नसते; उपचार होतात ते समोर बसलेल्या, पाय अवघडलेल्या, चार दिवसांपूर्वी आपल्याशी भांडलेल्याही असू शकणाऱ्या मनुष्याला. नियम इतके बारीक का, कोणता पाय कोणत्या चटईवर आधी पडावा हेदेखील का ठरलेले, असा प्रश्न नवख्याला हटकून पडतो. माझे उत्तर असे की, ज्या देशात एका शब्दाच्या अधिक-उण्याने मस्तक जात असे, त्या देशात यजमान आणि पाहुणा या दोघांनाही आपण आता काय करावे या विवंचनेतून चार तासांची सुटका हवी होती. हालचाल शिरस्त्याने चालते, म्हणून लक्ष मोकळे होते. आणि मोकळे झालेले लक्ष मग किटलीच्या आवाजाकडे, वाडग्याच्या उबेकडे, शेजाऱ्याच्या हाताकडे जाते. सलोखा, आदर, शुचिता आणि निवांतपणा अशी चार तत्त्वे परंपरेने सांगितली आहेत; त्यांपैकी पहिली तीन माणसाने करावयाची आहेत आणि चौथे घडलेच तर आपोआप घडते, असे मला वाटते.

भांड्यांच्या बाबतीत रिक्यूने जी उलथापालथ केली ती खरोखर अचाट होती. छपराची कौले भाजणाऱ्या चोजिरो नावाच्या कारागिराकडून त्याने चाकावर न फिरवता केवळ हातांनी घडवलेले काळे आणि तांबूस वाडगे करून घेतले. ‘राकू’ म्हणून जगप्रसिद्ध झालेली भांडी ती हीच. कोरियातल्या अनाम कुंभारांनी रोजच्या वापरासाठी केलेली ‘इदो’ जातीची वाडगी या रसिकांनी डोक्यावर घेतली; त्यांतले किझाएमोन नावाचे एक, खरबरीत, तळाशी झिलईचे थेंब गोठलेले, आज जपानचा राष्ट्रीय ठेवा आहे. १५९० साली ओदावाराच्या वेढ्यावर, नोबुनागानंतर सत्तेवर आलेल्या हिदेयोशीसोबत गेला असता रिक्यूने त्या मुलखातल्या बांबूचे पेर तोडून फुलदाणी केली. तिला उभी भेग होती. पुढे तिच्यात फूल मांडले असताना चटईवर पाणी ठिबकू लागले, पाहुण्याने विचारले, तेव्हा हे गळणे हाच हिचा प्राण आहे असे यजमानाने सांगितल्याची कथा आहे. ती फुलदाणी आजही तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपलेली आहे.

पण येथेच मेख आहे. कवडीमोल वाडग्याला रिक्यू सुंदर म्हणाला की त्या क्षणी ते कवडीमोल राहत नसे. दारिद्र्याच्या सौंदर्याला बाजारभाव आला, आणि तो भाव मुक्रर करणारा मनुष्य सत्ताधीशाच्या उजव्या हाताला बसलेला होता. शेतकऱ्याच्या पोटी जन्मून साऱ्या जपानचा धनी झालेला तोयोतोमी हिदेयोशी हा चहाचा खरा शौकीन होता, हे मान्य करायला हवे. त्याने सोन्याच्या पत्र्याने मढवलेली, सुटी करून कोठेही नेता येणारी चहाची खोली करवली आणि १५८६ मध्ये ती राजवाड्यात उभारून सम्राटाला दाखवली, तर १५८७ मध्ये क्योतोच्या कितानो देवळाच्या आवारात सर्व दर्जाच्या लोकांना खुली अशी चहाची मोठी जत्रा भरवून, ज्याच्यापाशी चहा नसेल त्याने भाजलेल्या धान्याचे पीठ आणले तरी चालेल असा हुकूम काढला. दहा दिवसांचा तो सोहळा एका दिवसातच आटोपता घेतला गेला. सोन्याची खोली करणारा आणि दोन चटयांची खोली करणारा ही दोन माणसे शत्रू नव्हती. एकाच दरबारात, एकाच चुलीवर, दोघांचे पाणी उकळत होते. रिक्यूला १५८५ मध्ये ‘रिक्यू’ हे नाव मिळाले तेही हिदेयोशीने सम्राटाला दिलेल्या चहाच्या निमित्ताने.

१५९१ च्या आरंभी हिदेयोशीची मर्जी फिरली आणि त्याने रिक्यूला पोट चिरून मरण्याची आज्ञा दिली. दाइतोकुजी देवळाच्या दरवाज्यावर रिक्यूची लाकडी प्रतिमा बसवली होती, तिच्या पायांखालून हिदेयोशीला जावे लागेल, हे एक कारण सांगितले गेले. दुसरे, आणि आपल्या दृष्टीने अधिक बोलके, असे की तो चहाची भांडी अवाच्या सवा किमतीला विकून नफा उकळतो. आरोप खरा होता की बहाणा, याचा निवाडा इतिहासकार करोत. तो सुचावा आणि पटावा एवढी सोय खुद्द चहाच्या व्यवहारात होती हे मात्र नाकारता येत नाही. रिक्यूचा शिष्य फुरुता ओरिबे, वाकड्या आणि ठसठशीत भांड्यांचा प्रवर्तक, यालाही १६१५ मध्ये, शोगुनपदी आलेल्या तोकुगावांच्या हुकमाने तसेच मरावे लागले.

रिक्यूच्या नातवापासून, सोतानपासून, तीन घराणी निघाली : ओमोते-सेन्के, उरा-सेन्के आणि मुशाकोजी-सेन्के. तिन्ही आजही क्योतोत नांदतात. फेस किती आणावा, वस्त्राची घडी कशी घालावी, असल्या बाबींत त्यांचे मतभेद आहेत आणि ते निष्ठेने पाळले जातात. शिष्याने प्रत्येक पायरीवर घराण्याच्या प्रमुखाकडून परवाना घ्यायचा आणि त्याची दक्षिणा भरायची, या शिरस्त्यावर ही घराणी उभी आहेत. या व्यवस्थेला नावे ठेवणे सोपे आहे, पण तिच्यावाचून हे शास्त्र चार शतके टिकले नसते. सत्तेशी असलेली जवळीकही सुटली नाही : चहाविधीतले ‘ही भेट आयुष्यात एकदाच’ हे सूत्र ज्याने ग्रंथबद्ध केले तो ई नाओसुके हा कोणी बैरागी नव्हता. अमेरिकेशी १८५८ चा तह करणारा, विरोधकांना निष्ठुरपणे चिरडणारा शोगुनशाहीचा सर्वोच्च मंत्री तो, आणि १८६० च्या मार्चमध्ये एदोच्या (आजच्या तोक्योच्या) किल्ल्याच्या दरवाज्याबाहेर भर बर्फात मारेकऱ्यांनी त्याला ठार केले. शोगुनशाही उलथवणाऱ्या मेइजी क्रांतीनंतर सरदारांचा आश्रय तुटला, तेव्हा उरा-सेन्केने १८७२ च्या क्योतो प्रदर्शनासाठी परदेशी पाहुण्यांना खुर्चीवर बसून घेता येईल अशी टेबलावरची पद्धत काढली. आणि मुलींच्या शाळांतून हा विषय शिकवला जाऊ लागल्यावर, मुख्यतः पुरुषांच्या हातात असलेला हा आचार दोन-तीन पिढ्यांत बहुतांशी स्त्रियांचा झाला. आज तो जिवंत आहे तो त्यांच्यामुळे.

दुसऱ्या बाजूला जुनी भांडी आणि लेखपट नव्या कारखानदारांकडे गेले. मित्सुई पेढीचा सूत्रधार मासुदा ताकाशी याने १९१९ मध्ये छत्तीस कवींच्या चित्रांचे दोन अमूल्य पट, जे अखंड विकत घेणे एकट्याला परवडेना, कापून त्यांचे तुकडे केले आणि धनिक मित्रांना आपल्या घरी बोलावून चिठ्ठ्या टाकून वाटले. स्वतः मासुदाच्या वाट्याला एक भिक्षू आला, त्याचे तोंड उतरले. अखेर ज्याला राजकुलातल्या कवयित्रीचे चित्र लाभले होते त्याने ते त्याला बदलून दिले, तेव्हा मंडळींचा जीव भांड्यात पडला. ते तुकडे पुढे चहाच्या खोल्यांतल्या कोनाड्यांत लागले.

राहिली गोष्ट ग्रंथाच्या मांडणीची. लेखकाने पहिले प्रकरण चहावर न लिहिता राखेवर लिहिले आहे, याचे काहींना नवल वाटेल. चुलीतली राख यजमानाने वर्षानुवर्षे सांभाळायची असते. ऐन उन्हाळ्यात ती धुऊन, चहाच्या पाण्याने भिजवून, वाळवून, चाळून पुन्हा भरायची आणि पळ्यांनी तिला ठरीव आकार द्यायचा, मगच निखारे ठेवायचे. ती कोणी विकत घेत नाही, विकत नाही, तिच्यासाठी चिठ्ठ्या टाकल्याचे ऐकिवात नाही. पण घराला आग लागली तर आधी राख बाहेर काढावी, असे चहाच्या घराण्यांत सांगतात. लेखकाने या प्रकरणाला अठ्ठावीस पाने दिली आहेत आणि माझ्या मते ती थोडी कमीच आहेत.